लाव

त्यांनी गीझरला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. बटण बंद होतं. त्यावरचा लाल दिवाही विझलेला होता. तरी आत पाणी खदखदत होतं, आणि खालच्या नळीच्या तोंडातून उकळते थेंब बादलीत पडत होते.

"कधीपासून?" टेस्टरने विचारलं. या मेकॅनिकचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कानामागे पेन्सिलीसारखा टेस्टर खोचलेला असायचा, म्हणून तो टेस्टर.

"परवापासून असावं. माझ्या लक्षात काल आलं."

कसं लक्षात आलं, ते त्यांनी सांगितलं नाही. काल सकाळी बायकोला अंघोळ घालताना त्यांनी तिच्या खांद्यावर मग ओतला होता. बटण तासाभरापूर्वीच बंद केलेलं, तेव्हा पाणी कोमट असणार, असं त्यांनी धरलं. चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले, रेघ कधी केसभर हलली नाही. पण पाण्यात बोट घालून बघायचं राहिलं. खांद्यावर पंजाएवढा लाल चट्टा उठला. ती ओरडली तीही एकाच शब्दात. अकरा आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता.

"लाव!"

लेकीने कालच फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुमच्याच्याने होत नाहीये. उद्या पाचला येते. आईला त्या शुश्रूषा केंद्रात नेऊ. तिथे चोवीस तास माणसं असतात."

आता पावणेचार झाले होते.

टेस्टरने गीझरचं झाकण उघडलं, दोन-तीन ठिकाणी टेस्टर टेकवला आणि शीळ घातली.

"काका, हा तुमचं ऐकतच नव्हता."

"म्हणजे?"

"ज्या कुणी महाभागाने वायर जोडली, त्याने बटण चुकीच्या वायरवर टाकलंय. करंट थेट कॉइलला. त्यात कॉइल फुटून अर्थिंगला लागलीय. आता तुम्ही बटण बंद करा, नाहीतर समोर उभं राहून हात जोडा, हा तापतच राहणार. नशीब समजा, नळाला हात लावून कुणी चिकटलं नाही."

"मग यात माझी चूक..."

"तुमची कशी? तुम्ही बंद करत होतात."

त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "हे माझ्या मुलीला सांगाल? पाचला येणार आहे ती."

"सांगतो की. हवं तर लिहून देतो, सहीशिक्क्यानिशी," टेस्टर हसला. मेन स्विच खाली ओढून तो टाकी रिकामी करायला लागला. वाफ न्हाणीघरातून बोळात आली.

बोळाच्या पलीकडे, बरोबर समोर, बायकोची खोली. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिची हाक ऐकू यावी म्हणून त्यांनी त्या उघड्या दाराला जुनी जड इस्त्री लावून ठेवली होती. कामवाली, शेजारीण, गोळ्या घेऊन येणारा दुकानातला माणूस, जावई, जो येई तो बोळातून जाताना आत बघून जाई, आणि "काय, कशा आहात?" असं जरा मोठ्या आवाजात विचारी.

"लाव," ती म्हणाली.

ते आत गेले. पलंगाजवळच्या भिंतीवर त्यांनी आपल्या नकाशातल्या अक्षरात यादी चिकटवली होती: पंखा, दिवा, रेडिओ, टीव्ही, गीझर. एकेकावर बोट ठेवून विचारायचं. ती मान हलवायची, कधी डाव्या हाताने यादीवर फटका मारायची. अंघोळीच्या वेळी ती हटकून "लाव" म्हणायची, तेव्हा मात्र विचारावं लागत नसे. ते जाऊन गीझरचं बटण दाबून येत.

त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. मग दिव्याचं. मग रेडिओचं.

"लाव. लाव!"

"अगं, लावतोय. थांब जरा."

"काका," न्हाणीघरातून टेस्टर म्हणाला, "मेन बंद केलाय मी. काय लावणार?"

त्यांचं बोट बटणावरच राहिलं.

टेस्टरने बादलीवरून नजर वर केली नाही. "काकू दार लावायला सांगत असतील. मी आल्यापासून चाललंय त्यांचं. परका माणूस समोर उभा, त्या अशा गाऊनमध्ये. दुसरं काय लावायला सांगतील?"

बायकोने डोळे मिटून घेतले होते.

ते वाकले. इस्त्री उचलली, दार लावलं आणि आतल्या बाजूने दाराला टेकून उभे राहिले. खोली एकदम लहान झाली. अकरा आठवड्यांत हे दार लागलं नव्हतं. न्हाणीघराच्या दाराची कडी तर त्यांनी स्वतः स्क्रू काढून उतरवून ठेवली होती, ती आत अडकू नये म्हणून.

"आता ठीक?"

तिने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लाव," ती हळूच म्हणाली.

दार तर लावलेलं होतं. त्यांनी वळून दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग ते बाहेर आले आणि त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं.

थोड्या वेळाने आतून रडणं ऐकू आलं. मोठ्याने, न आवरलेलं. त्यांचा हात हँडलकडे गेला आणि तिथून परत आला. टेस्टर पाना हातात धरून नुसता बसून होता.

पाच वाजायच्या आधीच लेक आली. बेल वाजेना म्हणून तिने दारावर थापा मारल्या. हातात मोठी रिकामी बॅग होती.

"वीज गेलीय का? आई कुठाय?"

"ताई, काकांची काही चूक नाही बरं का," टेस्टर न्हाणीघरातूनच म्हणाला. "गीझरच..."

"ते राहू दे आता," ते म्हणाले.

लेक बोळातून पुढे गेली आणि थबकली. "दार का लावलंय? बाबा, आत एकटी आहे ती! पडली-बिडली तर?" तिने हँडल धरलं.

"आधी वाजव."

"वाजवू? बाबा, तिला 'ये' म्हणता येत नाही."

"माहीत आहे मला."

त्यांनी पुढे होऊन बोटाच्या पेराने दारावर दोनदा टकटक केलं. आत रडणं थांबलं होतं. पलंग करकरला. मग काहीच नाही. ते मान खाली घालून उभे राहिले, परक्या घरी आल्यासारखे.

लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग बॅग खाली ठेवली आणि हँडलवरचा हात काढून घेतला.