सातव्या बाटलीतलं शिसं

मला तोंड आहे, झाकणही आहे, फक्त बोलता तेवढं येत नाही. आज मात्र ऐकाच. मी प्रयोगशाळेतली प्लास्टिकची बाटली, नंबर सात. आम्ही बारा बहिणी.

जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते बाईंच्या हाती आल्यावर. बाई समुद्रातल्या प्लवकांचा अभ्यास करतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा बारीक हिरव्या जिवांचा. त्या जिवांत कोणते धातू किती आहेत, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी आम्हाला तीन आठवडे आम्लात बुडवलं, पाच वेळा धुतलं आणि एकीवर एक अशा दोन-दोन पिशव्यांत घातलं. नव्या बाळाचेही कोणी एवढे सोपस्कार करत नसेल! बाहेरचा धातू कणभरही लागला, तर सगळी मेहनत फुकट जाते म्हणे.

लोह, तांबं, जस्त हे प्लवकांना जगायला चिमूटभर लागतंच. पण पाण्यात शिसं आलं तर बिचारे तेही पोटात घेतात. प्लवकांना शिंपले खातात आणि शिंपल्यांना माणसं.

आम्हाला समुद्रावर नेलं ते बोटवाल्या काकांनी. माणूस गप्पिष्ट. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना लागला होता. "रोज शिंपले लागतात तिला. एक दिवस आणले नाहीत तर बोलत नाही माझ्याशी," असं काका कौतुकाने सांगत होते.

त्याच शिंपल्यांच्या खडकापाशी बाईंनी प्लास्टिकच्या बादलीने पाणी काढून मला भरलं. झाकण लावलं आणि लगेच कठड्यावरून वाकून भडाभडा ओकल्या. बोट लागली होती त्यांना.

"तुम्ही पडून राहा, बाकीचं मी बघतो," काका म्हणाले. तेवढ्यात बादलीचा दोर सुटला आणि बादली गेली वाहून. मग काकांनी स्वतःची पत्र्याची बादली काढली, जस्ताचा मुलामा दिलेली, आणि तिने आठ ते बारा भरून टाकल्या. मदत म्हणून हो! बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

पुढे बाईंनी अर्धं पाणी गाळून प्लवक तपासायला दिले, उरलेलं माझ्यातच फ्रिजमध्ये ठेवलं. काल निकाल आला. पहिल्या पानावर शिसं, दुसऱ्यावर जस्त. सर्वांत जास्त शिसं माझ्यात निघालं. बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि तडक काकांना बोलावून घेतलं. आज ते आले, सोबत लेकही आली, हातात उकडलेल्या शिंपल्यांचा डबा घेऊन.

"काका, त्या खडकावरचे शिंपले आजपासून बंद. पोटातल्या बाळाला शिसं फार वाईट."

काकांचा चेहरा उतरला. "बाई, रागावू नका. चूक माझी आहे. तुमची बादली वाहून गेली, म्हणून मी माझी पत्र्याची वापरली."

बाईंनी बाटल्यांची यादी पुढे ओढली. "अहो, पत्र्याच्या मुलाम्यात जस्ताबरोबर शिसंही असतं! कोणत्या बाटल्यांना?"

"सातपासून पुढे."

आठपासून, काका! आठपासून!

"सातवी मी भरली होती ना?"

"छे हो, खडकापाशी तर तुम्ही ओकत होता."

"असेल. मला धड आठवतही नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सात ते बारावर लाल रेघ मारली.

इतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि आज त्याच्या सरळपणाचाच मला संताप आला. अहो, त्या बादलीचं पाणी माझ्यात असतं, तर जस्त नसतं का वाढलं? आठ ते बारामध्ये भरमसाट वाढलंय, माझ्यात नाही. दुसऱ्या पानावर स्वच्छ छापलंय! पण बाईंनी पान न उलटताच कागद फाइलीत घातले.

"मग शिंपले चांगले आहेत ना?" लेकीने विचारलं.

"तसं सांगता येणार नाही. पुन्हा नमुने घ्यावे लागतील, आणि प्लवकांचा बहर तर संपला. आता पुढच्याच वर्षी."

"पुढच्या वर्षी हा चालायला लागेल," पोटावर हात ठेवून ती हसली. "बाबा, उगाच घाबरवलंत मला. भूक लागली बघा."

बाईंनी माझ्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं. तेवढाच पुरावा होता माझ्याकडे. आता मला पुन्हा आम्लात उभं केलंय आणि ते गळ्यापर्यंत आलंय.

दारापलीकडे बाकावर बसून तिने डबा उघडला आहे. चमचा वाजतोय, मला ऐकू येतोय. बाई, पाया पडते तुमच्या, ते दुसरं पान एकदा उलटा हो.