व्याह्यांच्या डावातला वजीर

मी बुद्धिबळातला पांढरा वजीर. आडवा पडूनच बोलतो, राग मानू नका; हल्ली मला उभं राहायचाही कंटाळा येतो. गेल्या महिनाभरात मी जितक्या वेळा मेलो, तितक्या वेळा एखादं प्यादंही उभ्या आयुष्यात मरत नाही.

जन्म माझा बुधनीचा, भोपाळजवळच्या लाकडी खेळण्यांच्या गावचा. तिथल्या एका कारागिराने दुधी लाकडाचा तुकडा कातून मला आकार दिला, डोक्यावर मुकुट कोरला आणि बुडाला हिरवी मखमल चिकटवली. भोपाळच्या टी. टी. नगर बाजारातून शांतारामराव मला घरी घेऊन आले. ते मूळचे साताऱ्याचे, नोकरीपायी भोपाळला आलेले इंजिनिअर. निवृत्त झाल्यावरही तिथेच, शाहपुरा भागात राहिले. माणूस सज्जन, पण बुद्धिबळात बेताचा. वजीर आधी पळवायचा आणि विचार मग करायचा, ही त्यांची पद्धत. माझ्या मुकुटाचे दोन दात त्या धावपळीतच गेले.

मग त्यांच्या मुलाचं, सत्यजितचं लग्न झालं. सून मंजूषा उज्जैनची. तिचे वडील मनोहरराव लेकीचं घर बघायला पहिल्यांदाच आले. गणिताचे निवृत्त शिक्षक, बोलणं अगदी मोजकं. दोन व्याह्यांनी जेवणानंतर करायचं काय? शांतारामरावांनी पट मांडला.

माझ्या थकव्याचं मूळ त्या डावात आहे. डाव अर्ध्यावर आला असताना शांतारामरावांनी मला उचललं आणि पटाच्या मधोमध, काळ्या हत्तीच्या तोंडी नेऊन ठेवलं. हेतू असा, की हत्तीने मला मारायचं. तो पुढे आला की त्याच्या राजाची मागची रांग उघडी पडणार, आणि आमचा हत्ती थेट आत शिरून मात देणार. विचार झकास होता. फक्त डावीकडे एक काळा घोडा उभा होता. तो मला फुकटात खाऊ शकत होता, हत्तीला जागचं हलायची गरजच नव्हती. त्या घोड्याकडे शांतारामरावांनी पाहिलंच नव्हतं.

मनोहररावांनी पाहिलं होतं. त्यांचा हात घोड्याकडे गेला आणि मी मनाची तयारी केली. पण हात तिथेच अधांतरी राहिला. स्वयंपाकघरातून मंजूषाचा आवाज येत होता, सासूबाईंशी काहीतरी बोलत होती. हात मागे आला आणि हत्तीवर गेला. मला हत्तीने मारलं, पुढच्या चालीत मात झाली.

"क्या बात है, शांतारामजी," मनोहरराव म्हणाले, "वजीर देऊन डाव घेतला तुम्ही."

त्या दिवसापासून शांतारामरावांचे पाय जमिनीला लागेनात. तलावाकाठी फिरायला गेले की वजिराची गोष्ट, मराठी मंडळाच्या कोजागिरीला वजिराची गोष्ट. घरी पाहुणा आला रे आला की मी पुन्हा पटाच्या मधोमध. पुढची कित्येक वर्षं मनोहररावही येत-जात राहिले, खेळत राहिले आणि दर वेळी हरत राहिले.

गेल्या महिन्यात सत्यजितने वडिलांच्या फोनवर बुद्धिबळाचं ॲप घालून दिलं. शांतारामरावांना तो डाव तोंडपाठ होता, त्यांनी तो कौतुकाने त्यात भरला. माझी चाल आली आणि फोनने तिच्यापुढे दोन लाल प्रश्नचिन्हं काढली, म्हणजे घोडचूक. "ॲप बिघडलंय," ते म्हणाले. मग त्यांना घोडा दिसला. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला पाहवला नाही.

तेव्हापासून घरात विश्लेषण सुरू झालं. सकाळी पट, दुपारी पट. घोड्याने मारलं तर काय, हत्तीने मारलं तर काय, घोडा तिथे नसताच तर काय. उत्तर काहीही निघो, मरायचो मीच. खरं तर त्यांना चाल शोधायचीच नव्हती. मनोहररावांना घोडा दिसला नव्हता, की दिसूनही त्यांनी सोडला, एवढंच कळायला हवं होतं. दिसला नसेल, तर दोघेही सारखेच आंधळे आणि विजय निदान आपला. दिसला असेल, तर आयुष्यातला एकुलता एक देखणा डाव म्हणजे व्याह्यांनी हातावर ठेवलेला खाऊ.

"बाबा, छोडो ना अब," मंजूषा म्हणाली. "कितने दिन तोच गेम लावून बसणार?"

"तुझ्या पप्पांना घोडा दिसला नाही, असं कधी झालंय का गं?"

ती बादली उचलून कपडे वाळत घालायला गेली. त्यांना मिळायचं ते उत्तर मिळालं होतं, पण ते ऐकायचं नव्हतं.

परवा मनोहरराव आले. शांतारामरावांनी त्यांना धड बूटही काढू दिले नाहीत. जुना डाव मांडला, मला नेऊन मधोमध ठेवलं.

"तुमची चाल. आणि आधी सांगा, तेव्हा घोडा दिसला होता?"

मनोहररावांनी पटाकडे पाहिलं. "दिसला होता."

"मग?"

"मुलीचा बाप आहे हो मी. लग्नाला महिना झालेला. तुमच्या घरात बसून तुमचा वजीर फुकट खायचा, आणि तुमचं मन खट्टू झालं तर? मी उज्जैनला निघून जाणार. राहायचं तिला होतं."

"आणि नंतरचे इतके डाव?"

"मग आदतच पडून गेली."

मला वाटलं, आता पट उधळला जाणार. शांतारामरावांनी नुसता चष्मा काढला आणि ते तो पुसत बसले. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या घरी भीत भीत येत होतात," ते म्हणाले, "आणि मला वाटायचं, मान देताय."

मंजूषा दारात येऊन उभी होती.

"मारा घोड्याने."

"राहू द्या ना, शांतारामजी."

"मनोहरराव, मारा."

त्यांनी मारलं. शांतारामराव माझ्याविना खेळले आणि स्वच्छ हरले.

आता मी डब्यात पडून आहे. मखमल सुटली आहे, अंगभर पोचे आहेत. मरणाबद्दल माझी तक्रार नाही, वजिराला ते चुकत नाही. पण त्या खोट्या मरणाने मला फार दमवलं. म्हणून एक मागणं आहे. तुमच्या सुनेचे वडील कधी तुमच्याशी पटावर बसले, तर पहिल्या चालीआधीच त्यांना सांगा, "तुम्ही जिंकलात तरी तुमच्या लेकीला इथे कोणी काही बोलणार नाही." तुम्ही चांगले आहात, हे त्यांना न सांगता कळत असेल असं धरून चालू नका. शांतारामरावही चांगलेच होते.