झालरीच्या फ्रॉकची पैज

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे, मित्रांनो. पैज लागली तेव्हा दार आपटू नये म्हणून मी शिवणकाकूंच्या उंबऱ्याशी टेकून होतो. त्यामुळे सगळं फुकटात ऐकलं.

खालच्या मजल्यावरचे घड्याळजी मिशीला पीळ देत म्हणत होते, शिवणकाकू काही आता कात्री धरत नाहीत, मशीन विकून मोकळं व्हावं. काकूंची नणंद म्हणजे तिखट काम. तिनं विचारलं, "आणि धरली तर?"

"तर काकूंनी शिवलेला झालरीचा फ्रॉक घालून मी गल्लीच्या टोकापर्यंत जाईन."

हरलीच तर नणंद त्यांना वर्षभर 'भाऊसाहेब' म्हणणार होती. तिच्या मते तिचीच शिक्षा जबर होती.

काकू आतून ऐकत होत्या. मशीनवर चादर टाकलेली होती. ते गेलं असतं तर त्या नुसत्या काकू उरल्या असत्या.

माझा जन्म वाळूच्या साच्यात झाला. पुढं बरीच वर्षं मी मसाले कुटले, पाहुण्यांकडून वाहवा मिळवली. मग मिक्सर आला आणि मी दाराशी गेलो. त्याचं मला काही नाही. लोखंडाला कळवळा येत नाही, फक्त गंज येतो.

काकूंचं दुखणं मात्र विचित्र होतं. शरीराचे पहारेकरी चोर सोडून घरच्यांनाच बडवत सुटले होते. बोटांची कातडी ढोलकीसारखी ताणलेली, मूठ मिटत नाही, गार पाणी लागलं की बोटं पांढरीफटक. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्याच. नणंद त्यांना वैद्यबाईंकडेही घेऊन गेली.

वैद्यबाईंनी आधी गोळ्या पाहिल्या. काढ्याचं डॉक्टरांना सांगून त्यांचा होकार आणायला लावला. म्हणाल्या, दोन सवतींसारखी लपवाछपवी इथं चालायची नाही. मग एरंडमूळ, सुंठ असं काहीबाही दिलं. अट एकच, कुटायचं काकूंनी स्वतः.

मला घासूनपुसून आत घेतलं. काकूंनी बत्ता उचलला आणि तो पायावर पडता पडता वाचला. नणंदेला बघवेना. तिनंच कुटलं. दुसऱ्या दिवशी समोरची वहिनी आली, मग वरचे आजोबा. पैज आता सगळ्या इमारतीची झाली होती. पूड अशी पडायची, की तोंडाला लावून लग्नाला जावं. काकू बाजूला बसून काढा प्यायच्या आणि बोटं होती तिथंच. मुठी मला ओळखता येतात. पण मला विचारतो कोण?

पुढच्या खेपेला वैद्यबाईंनी बोटं पाहिली, पूड चोळून पाहिली आणि कुणी कुटली ते विचारलं.

"सगळ्यांनी," नणंद म्हणाली. "मायेनं."

"मग सगळ्यांची बोटं सुधारली असतील. अहो, काढ्यानं होईल तेवढं होईल, पण बत्ता धरणं हेही औषधच आहे. माया जरा लांबून करा."

त्या दिवसापासून नणंद स्वतःच्याच हातांवर बसून राहायची. काकूंनी बत्त्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला. आधी दोन्ही हातांनी, मग एका हातानं. पूड जाडीभरडी, निम्मी फरशीवर. कितीदा तरी रडल्या, एकदा मला शिवीही दिली. पण बत्ता सुटेनासा झाला.

दुखणं गेलं नाही. मूठ आजही पुरती मिटत नाही, गोळ्याही चालूच आहेत. गुण गोळीचा, काढ्याचा की माझा, त्या भांडणात मी पडत नाही. एका सकाळी काकूंनी मशीनवरची चादर ओढली, कात्री उचलली आणि म्हणाल्या, "वन्सं, घड्याळजींना वर बोलवा. माप घ्यायचंय."

मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. मला धुतलंत तर कोरडं करून ठेवा. आणि आजारी माणसाच्या हातातलं काम मायेपोटी काढून घेऊ नका. ते गेलं की हातही जातो.

रविवारी घड्याळजी बाहेर पडले. गुलाबी फ्रॉक, तिहेरी झालर, वर मिशी. एक बाही दुसरीहून चांगली चार बोटं लांब. पोरं शिट्ट्या मारत मागे. नणंद दर दुकानापाशी त्यांना गोल फिरायला लावत होती आणि ते फिरत होते.

काकू खिडकीतून वाकून ओरडल्या, "जरा हळू चाला हो, शिवण अजून कच्ची आहे!"

घड्याळजींनी दोन्ही हातांनी झालर उचलली आणि जपून पावलं टाकत टोकापर्यंत गेले.