दहा वजा

समुद्रावरच्या होड्यांना रेडिओवरून वाऱ्याचा वेग वाचून दाखवते ती बाई म्हणजे मी. हवामान कार्यालयात माझं काम एवढंच. कागदावर असेल ते वाचायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही.

आमच्या कार्यालयाची एक खोड होती. वारा ताशी चाळीस किलोमीटर येणार असला तर आम्ही पन्नास सांगायचो. वरचे दहा सावधगिरीचे. हे गुपित दोन वर्षांपूर्वी जेवताना मीच माझ्या मच्छीमार दादाला सांगितलं, निव्वळ मोठेपणा मिरवायला. दादाने ते धक्क्यावर नेलं. तेव्हापासून सगळे मच्छीमार आमच्या आकड्यातून दहा वजा करतात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आज दहाला कामावर आले, तर फळ्यावर साहेबांचा हुकूम. लोकांना उगाच घाबरवतो अशा तक्रारी आल्यात, आजपासून खराच आकडा द्यावा. पहाटेच्या पाळीच्या बाईंनी खरा आकडा इमानदारीत वाचलाही होता: पन्नास. दादाने ते चाळीस धरले असणार. वहिनीला फोन केला, तर ती म्हणाली की नऊच्या नऊ होड्या उजाडतानाच गेल्या.

साडेअकराला नवा कागद आला. दोनपर्यंत वारा पासष्टवर जाणार होता. दादाचा नियम मला पाठ आहे. साठच्या आत असेल तर जाळी ओढून घ्यायची, साठच्या वर गेला तर जाळी तिथेच सोडून घर गाठायचं. पासष्टातून दहा गेले की उरतात पंचावन्न, आणि जाळी ओढायला दोन तास लागतात. होड्यांवरचे संच नुसते ऐकायचे, उलट बोलायची सोय नाही. इतक्या आत मोबाइलही लागत नाही.

साहेबांना सगळं सांगितलं, गुपितासकट. ते लाल झाले. खुलासा वाचायला वरून मंजुरी लागते, तासाभरात आणतो म्हणाले. तासाभरात! सरळ पंचाहत्तर वाचावं असंही मनात आलं. पण मग उद्या कोण कशातून किती वजा करणार?

मी खोलीत गेले आणि बटण दाबलं.

"वारा पासष्ट. पासष्ट म्हणजे पासष्टच. आम्ही दहा वाढवून सांगायचो, ते आजपासून बंद केलंय. दहा वजा करू नका. दादा, जाळी तिथेच सोड आणि ये."

काचेपलीकडे साहेब उभे होते. त्यांनी मला थांबवलं नाही. मी तेच पुन्हा वाचलं, मग पुन्हा, घसा बसेपर्यंत.

एक वाजता धक्क्याकडच्या खिडकीची तावदानं थडथडायला लागली. दीडपर्यंत आठ होड्या धक्क्याला लागल्या. नववी दादाची. वहिनीचा फोन आला, वरून त्याची होडी दिसतेय का विचारायला. मला स्वतःची जीभ छाटून टाकावीशी वाटत होती. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याची होडी दिसली, पाण्यात अर्धी दिसेनाशी होत, पुन्हा वर येत.

तो तसाच ओलागच्च वर कार्यालयात आला, मागे वहिनी. जाळी गेली होती. उशीर का केलास, असं मी ओरडलेच.

"मला वाटलं, हीसुद्धा तुमची नवी सावधगिरीच," तो म्हणाला. "मग तुझा आवाज फाटला. तेव्हा कापली जाळी."

मी त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. साहेब उद्याच्या अंदाजाचा कागद घेऊन दारात आले होते. दादाने उद्याचं विचारलं.

"तीस," मी कागद पाहून म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"तीस म्हणजे किती?"