साबणात गेलेली रवी

मी एक जुनी रवी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

जयगडजवळच्या एका वाडीत काशीराम सुताराने मला शिवणीच्या लाकडातून घडवलं. सावित्रीबाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन त्या घरात आल्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी माझ्याकडून ताक करून घेतलं. लोणी यायच्या बेतात आलं की त्या हात हलका करायच्या. पाहुणे म्हणायचे, "ताक करावं तर सावित्रीनंच!" रवीचं नाव कोण घेतो? मी मनातल्या मनात धुसफुसत बसायची. त्यांचे यजमान बोटीवर खलाशी होते. दहा वर्षांपूर्वी ते वारले. त्यानंतर बाई फारशा कुठे जायच्या नाहीत, पण सकाळचं ताक काही चुकलं नाही.

मग त्यांच्या सुनेला, राजश्रीला, साबणाचं वेड लागलं. तिचा नवरा निलेश बंदरावर कामाला. ही दुपारी मोबाइलवर व्हिडिओ बघायची. खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालायचं, दाट होईपर्यंत घोटायचं, साच्यात ओतायचं आणि चांगला महिना-दीड महिना वाळू द्यायचं. चूल नको की गॅस नको. व्हिडिओतली बाई घोटायला विजेचा ब्लेंडर वापरायची. राजश्रीकडे तो नव्हता. एका दुपारी सासूबाई बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा तिने हातमोजे चढवले आणि सरळ मला उचललं.

सव्वा तास फिरवलं तिने मला. त्या मिश्रणाने माझ्या पाकळ्या काळवंडल्या. पण साबण झाला! पांढरा, ओबडधोबड, पण साबणच. राजश्री मला म्हणाली, "जिंकलीस गो बाय!" उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं, मित्रांनो. मी अगदी हुरळून गेले.

संध्याकाळी सावित्रीबाईंनी मला मागच्या दारी वाळत घातलेलं पाहिलं.

"अगो, कॉस्टिकात घातलीस? माझी रवी?"

"चांगली धुतलीय, आई."

"धुवून काय होतंय? लाकडात मुरतं ता. आता हिचं ताक पोरांना पाजू काय?"

त्यांचं खरंच होतं. त्या दिवसापासून ताक मला कायमचं बंद झालं. बाईंनी भांडण केलं नाही, पण सुनेशी बोलणं तोडलं. माझ्या जिवाला लागलं खरं. तरी मी मनाची समजूत घातली की ताक गेलं तर गेलं, साबण तर आहे ना!

कसलं काय! महिन्याभरात निलेशने रत्नागिरीहून ब्लेंडर आणला. घुर्रर्र केलं की तीन मिनिटांत काम फत्ते. राजश्री त्याला पुसून पुन्हा खोक्यात ठेवायची. मला कधी कुणी खोकं दिलं होतं? त्याचं पातं स्टीलचं, त्याला कॉस्टिक मुरत नाही, म्हणजे मेला उद्या स्वयंपाकघरातही मिरवणार! मी मात्र पडवीतल्या खुंटीला लटकलेली. ना ताकात, ना साबणात. त्याची वायर एखाद्या उंदराने कुरतडावी म्हणून मी काय काय नवस बोलले, ते विचारू नका.

कार्तिकात राजश्रीने वाडीभर सांगून टाकलं की यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून घरचा साबण देणार, गुलाबी-पांढऱ्या लाटांचा. तीस बायकांना! शेजारच्या येसूबाई म्हणाल्या, "बघू हां, कातडी सोलून निघाली नाय म्हणजे मिळवलं!" राजश्री हसली, पण ते तिला झोंबलं. आता जमलं नाही तर सगळ्या वाडीत हसं होणार होतं. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला साबण नीट वाळलेला हवा, म्हणजे दत्तजयंतीच्या आसपास तो साच्यात पडायलाच हवा होता.

पहिल्या घाण्याला तिने गुलाबी रंगासाठी काय घालावं? कोकमाचं आगळ! सोलकढीला सुंदर रंग येतो, मग साबणाला का नाही येणार? कॉस्टिक लागलं मात्र, आणि तो रंग गढूळ, शेवाळी झाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्या घाण्याला ब्लेंडरने असा काही जोर केला, की लाटा काढायच्या आतच सगळं पिठल्यासारखं आळलं आणि त्याचे गोळे झाले. मी खुंटीवरून म्हटलं, भोगा आता!

पण राजश्री तिथेच पायरीवर बसली आणि हमसून रडायला लागली. हातमोजेसुद्धा काढले नव्हते तिने. मग मात्र मला माझीच लाज वाटली.

सावित्रीबाई आतून आल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या सुनेशी बोलल्या.

"आगळ आंबट. ता सोड्यात टिकायचा नाय. वृंदावनाला लावतो ती तांबडी माती, काव, ती घे, वस्त्रगाळ कर."

"पण आई, ते यंत्र लगेच दाट करतंय."

"मग हातानं कर. इकडे आण ती रवी. आणि ते मोजे मला दे."

मित्रांनो, त्यांनी मला हातात घेतलं! मध्ये रबरी मोजे होते, तरी मी तो हात ओळखला. सुरुवातीला चार झटके ब्लेंडरचे दिले, हे सांगायला जिवावर येतं, पण खोटं कशाला बोलू? पुढचं सगळं मी केलं. वरून सोडलेल्या धारेची रेघ क्षणभर टिकायला लागली, तसा बाईंनी हात हलका केला. "हां. आता ओत." पांढऱ्यात काव मिसळलेली धार पडली, राजश्रीने काडी फिरवली आणि लाटा उमटल्या, फिक्या गुलाबी.

रथसप्तमीला बायकांनी घर भरलं. साबण हातोहात फिरले. येसूबाईंनी तर तिथेच हात धुऊन पाहिले आणि तो परत परत हुंगला. सावित्रीबाई रिवाजाप्रमाणे आत बसून होत्या. राजश्री तबक घेऊन आत गेली.

"आई, बाहेर चला. पहिलं वाण तुमचं."

"अगो, मला कशाला? लोक काय म्हणतील?"

"घोटताना लोक आले होते काय?"

तिने हळदीकुंकू लावलं, साबण हातावर ठेवला आणि हाताला धरून त्यांना बाहेर आणलं. मग येसूबाई सरकल्या आणि म्हणाल्या, "बस गो सावित्री, इथं बस."

मित्रांनो, कॉस्टिक लाकूड खातं. माझ्या पाकळ्या झिजत चालल्यात. अजून चार घाणे निघाले तरी खूप झालं. म्हणून एवढंच सांगते. जुनी वस्तू काढून घेण्याआधी ती ज्यांची आहे त्यांना एकदा विचारा. आणि जुन्या माणसांना आत बसवून ठेवू नका.

माझी खोड मात्र जायची नाही. ब्लेंडरवरचा राग केव्हाच निवला. आता मी त्या गुलाबी वडीवर जळते. बाई रोज सकाळी तिच्याने हात धुतात, आणि तेव्हा त्यांच्या हातात मोजे नसतात.