सासऱ्याचं नाव

गुलसायरा डॉक्टरबाईंच्या मते स्तनाचा कर्करोग हा एक आजार नव्हताच, एका आडनावाची निरनिराळ्या स्वभावाची भावंडं होती ती. एक संप्रेरकांवर पोसतं आणि कैक वर्षांनी हाडांत निघतं. एकाला ना संप्रेरकांची भूक, ना नव्या इंजेक्शनांचं भय. आणि उलकान आपांचं होतं 'हर-टू' या प्रथिनाचं, इंजेक्शनापुढे नमणारं, पण संधी मिळाली की डोक्यात शिरणारं. दर तीन आठवड्यांच्या इंजेक्शनानं आपा गळ्याखाली स्वच्छ होत्या. पण ते औषध मेंदूच्या उंबऱ्यावर बहुतेक अडतं. गोम तिथंच होती.

ओशच्या रुग्णालयात आपा सुनेबरोबर आल्या, तसा चहा मागवला गेला, आणि चायनेक, म्हणजे चहाची किटली, टेबलावर आली. आपांनी चायनेककडे हात केला.

"बुरुलचा, ते ओतायचं दे गं इकडे."

"घ्या," सून हसली. "डॉक्टरबाई, आमच्या आपा तेर्गोच्या पक्क्या बरं का. सासरच्यांच्या नावातला शब्दसुद्धा तोंडातून निघायचा नाही. सासरे कोइचुमान, म्हणून मेंढीला 'कोइ' नाही म्हणायचं, 'लोकरवाली' म्हणायचं. दीर बालताबाय, म्हणून 'बालता', म्हणजे कुऱ्हाड, झाली 'तोडणी'. बेचाळीस वर्षं झाली!"

"आम्हाला नाही बाई जमलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचं नाव घेऊन बसले. महिनाभर टोमणे खाल्ले!"

दोघी खळखळून हसल्या. मागच्या खेपेला आपा सुरीला 'कापायचं' म्हणाल्या होत्या, तेव्हाही अशाच हसल्या होत्या, आणि डॉक्टरबाईंनी कागदावर 'तक्रार नाही' असं लिहून टाकलं होतं.

कागद ओढता ओढता त्या थट्टेनं म्हणाल्या, "आणि चायनेक नावाचा कोण होता हो तुमच्या सासरी?"

बुरुलचा हसत तोंड उघडून थांबली.

"कुणीच नाही."

"मग सुरी नावाचा?"

"तोही नाही."

डॉक्टरबाईंनी पेन वर धरलं. "आपा, हे काय?"

"लिहायचं."

"आणि हे?" त्यांनी कोटाचं बटण दाखवलं.

आपांनी बटणाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "ते... लावायचं. काय तुम्ही! लहान पोर आहे का मी?"

"नाही हो. बरं, ही खांद्यावरची शाल कसल्या लोकरीची?"

"कोइची," आपा म्हणाल्या.

बुरुलचानं पियाला खाली ठेवला. बेचाळीस वर्षांत न घेतलेलं नाव आपांनी मीठ मागावं तसं घेतलं होतं. शरीराचे सगळे अहवाल स्वच्छ म्हणून डॉक्टरबाई निर्धास्त राहिल्या होत्या. स्वतः त्याच रिवाजातल्या असून रिवाज कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो हे त्यांना कळलं नव्हतं. परकी डॉक्टर असती तर पहिल्याच दिवशी दचकली असती.

मेंदूची तपासणी त्याच दिवशी झाली. डाव्या बाजूला, जिथून शब्द येतात तिथंच, तीन ठिपके होते, सगळ्यात मोठा जर्दाळूच्या बीएवढा.

"बिश्केकला किरणं द्यावी लागतील," डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं. "औषधही बदलू. अजून करण्यासारखं बरंच आहे. पण तीन आठवडे माझ्यामुळे गेले, आपा. मला कळायला हवं होतं. मी हसले."

आपांचं लक्ष किरणांत नव्हतंच.

"त्यांचं... मी घेतलं ना? मघाशी?"

"घेतलंत."

आपांचे डोळे भरले. मग त्यांनी बोट कपाळाला लावलं.

"मी घेतलं, की ह्यानं?"

"ह्यानं, आपा. तुम्ही नाही."

"मग बरं," आपा म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे पुसले.