कॅनव्हासवर कुणाचा हात

चौथ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सर आम्हाला आर्ट कॉलेजच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेले. लांबलचक हॉलमध्ये प्लायवूडचे आडोसे घालून केलेल्या खोल्या, प्रत्येकीला दाराऐवजी पडदा. "यंदा विषय तुमचा, वेळ तुमची, चुकाही तुमच्याच," सर म्हणाले. "तुम्ही विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

शब्दाला ते जागले. तोंड त्यांनी खरंच उघडलं नाही.

माझ्या वाट्याला खिडकीजवळची खोली आली. आडोशापलीकडे जिराफ. वर्गात सगळे त्याला जिराफच म्हणायचे, कारण तो उभा राहिला की आडोशावरून त्याचं डोकं दिसायचं. तेच पुढे मला फार खुपायला लागलं.

मी चादरी रंगवत होते. आई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीला आहे. तिथल्या फळ्यांवर घड्या केलेल्या चादरींच्या चळती असतात, पार छतापर्यंत. पांढऱ्यावर पांढरं, करड्यावर करडं. जिराफ जिने रंगवत होता. घरचे, दवाखान्याचे, दिसेल तो जिना.

दोनेक महिने काहीच जमलं नाही. माझ्या चादरी विटांसारख्या दिसायच्या. मग एके दिवशी सकाळी येऊन बघते तर एका करड्या पट्ट्याच्या काठाखालून बारीक गुलाबी रेघ डोकावत होती. खालचा रंग वर आला असेल, असं मला वाटलं. त्या एका रेघेनं अख्खी चळत जिवंत झाली होती. त्या आठवड्यात वर्गापुढे चित्रं मांडून झालेल्या चर्चेत सगळे त्या रेघेपाशीच थांबले. "अगं, हे कसं केलंस?" मी नुसती हसले. घरी जाताना मात्र पाय जमिनीवर नव्हते.

पुढच्या चर्चेत जिराफनं त्याचा नवा कॅनव्हास लावला. जिन्याची प्रत्येक पायरी करडी, आणि तिसऱ्या पायरीच्या काठाखाली बारीक गुलाबी रेघ.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आडोशावरून वाकून बघायला त्याला टाचासुद्धा उंचवाव्या लागत नव्हत्या. सर मागे भिंतीला टेकून उभे होते. दोन्ही चित्रांकडे बघून त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या मुलीकडे वळले. मला वाटलं, त्यांच्याही लक्षात आलं असेल, पण बिचारे बोलणार कसे?

त्या दिवसापासून मी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवायला लागले. जेवायला जाताना पडद्याच्या खालच्या कडेला दोरा बांधायचे, एवढा बारीक की पायानं तुटला तरी कळू नये. संध्याकाळी निघताना कुठला ब्रश कुठे ठेवलाय ते वहीत टिपायचे. चित्राबद्दल त्या वहीत हळूहळू काहीच उरलं नाही. सगळ्या नोंदी चौकीदाराच्या.

आठ दिवसांत दोरा तीनदा तुटला, तिन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीत. रंग लावायची सुरी मात्र जागच्या जागी, लख्ख पुसलेली. मी स्वतः ती कधीच इतकी स्वच्छ पुसत नाही. चोर नीटनेटका आहे, एवढं कळलं.

चौथ्यांदा दोरा तुटला तेव्हा मी तडक पलीकडे गेले. जिराफ ब्रश धूत होता.

"माझ्या खोलीत काय करत होतास?"

"मी?" त्यानं ब्रश खाली ठेवला. "हे तू मला विचारतेस? उलट मीच तुझ्यावर पाळत ठेवून आहे!"

त्यानं उंबऱ्याजवळची फरशी दाखवली. तिच्यावर खडूची पूड भुरभुरलेली होती आणि तीत बुटाचा पुसट ठसा उमटला होता. "तू माझ्या पायऱ्या उचलल्यास," तो म्हणाला. "तुझ्या चादरी आधी अशा नव्हत्या. ती रेघ माझ्याकडे आधी आली."

"आली म्हणजे? तू काढली नाहीस?"

त्याचे कान लाल झाले. "एका सकाळी दिसली," शेवटी म्हणाला. "मला वाटलं, खालचा रंग वर आला."

मग मी माझी चप्पल काढून त्या ठशावर धरली. ठसा चांगला दोन बोटं मोठा होता. जिराफनं आपला पाय ठेवला. त्याचा पाय ठशाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं समोरच्या कागद ठेवायच्या खोलीत दार किलकिलं करून बसलो. सगळे खाली गेले. हॉल शांत झाला. जिराफच्या पोटात गुरगुरलं आणि मी त्याला कोपर मारलं.

सर आले. घाई नाही, चोरटेपणा नाही, स्वतःच्या घरात शिरावं तसे माझा पडदा बाजूला करून आत गेले. पडदा अर्धा उघडा राहिला. त्यांनी माझा कॅनव्हास भिंतीकडून फिरवला, दोन पावलं मागे सरले, मान तिरकी केली. मग माझी सुरी उचलली, पॅलेटवरून थोडा रंग घेतला आणि एका घडीच्या काठावरून अलगद फिरवली. लहान मुलाचं ओठाला लागलेलं दूध पुसावं, इतक्या मायेनं. त्यानंतर फडक्यानं सुरी पुसली आणि जागच्या जागी ठेवली.

मी कधी उठले ते कळलंच नाही. "सर."

त्यांनी दचकून मागे पाहिलं. मला आणि माझ्या मागे जिराफला बघून त्यांचे हात आपोआप खिशात गेले.

"कधीपासून?" जिराफनं विचारलं.

"पहिल्या सत्रापासून." आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे सरकावं लागलं. "तुमची चित्रं अगदी काठापर्यंत येऊन थांबली होती. मला राहवलं नाही."

"मग सांगायचं होतं ना आम्हाला!"

"सांगणार नाही असं कबूल केलं होतं," सर म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या कानाला तरी ते पटलं असेल का, कोण जाणे. खाली बघत पुढे म्हणाले, "मी अकरा वर्षांत काही रंगवलं नाही. घरी कोऱ्या कॅनव्हाससमोर बसलो की हात उचलवत नाही. इथं कुणीतरी आधीच सुरुवात केलेली असते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण या माणसावर ओरडायचं कसं तेच सुचेना. मी एवढंच विचारलं, "माझं कुठलं आणि तुमचं कुठलं?"

ते कॅनव्हासजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. "ही रेघ माझी. ही सावली... बहुतेक तुझी." मग हात खाली सोडला. "खरं सांगू? आता मलाही नक्की सांगता येत नाही."

ते मला सगळ्यात जास्त लागलं. त्या संध्याकाळी जिराफ आणि मी एकमेकांच्या खोल्यांत फिरून एकेका चित्रावर बोट ठेवत होतो. "हे तुझं?" "असावं." "आणि हे?" "हे इतकं चांगलंय की माझं नसणार." तो हे बोलून हसला, मीही हसले, आणि मग दोघांनाही हसू येईनासं झालं. इतके दिवस शेजाऱ्यावर घेतलेला संशय आता माझ्या स्वतःच्या हातावर येऊन बसला होता.

जिराफला तक्रार करायची होती. त्याआधीच सरांनी स्वतः विभागप्रमुखांना लिहून दिलं, झालं ते सगळं, आणि आम्हा दोघांना गुण देण्यातून आपलं नाव काढून घेतलं. त्यानंतर ते वरच्या मजल्यावर आले नाहीत.

मी जुने कॅनव्हास गुंडाळून ठेवले आणि कागद घेऊन आईच्या लॉन्ड्रीत जायला लागले. सुपरवायझर बाईंनी मागच्या फळ्यांपाशी जागा दिली, "मधेमधे करायचं नाही" या अटीवर. वाफेनं कागद पोचे पडून वाकडे व्हायचे. आई इस्त्री थांबवून माझ्याकडे बघायची.

"किती वेळ बघत बसणारेस? तपासणीला आल्यासारखी?"

"काढतेय गं."

ती आली, कागदाकडे बघितलं. "घडी अशी नसते. तू नुसते काठ बघतेस. वजन खाली असतं."

"तू नको सांगूस!" मी एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या बाईनं वळून बघितलं. पुन्हा कुणीतरी माझ्या चित्रात हात घालतंय, असंच मला वाटलं.

आई चिडली नाही. तिनं एक ओलसर चादर माझ्या अंगावर टाकली. "चित्राचं मला काय कळतंय? मी चादरीचं सांगतेय. घाल घडी."

मी घातली. वेडीवाकडी झाली. दुसरी घातली. त्या दिवशी साठ-सत्तर घड्या घातल्या असतील. दंड भरून आले, आणि तेव्हा कुठे कळलं की इतके महिने मी जे रंगवत होते ते मी एकदाही हातात धरलं नव्हतं. आईनं कागदाला बोटही लावलं नाही. तरी घरी जाऊन मी तपासलंच, आजची कुठली रेघ तिच्या बोलण्यामुळे आली आणि कुठली दुखणाऱ्या दंडांमुळे. ती सवय अजून गेलेली नाही.

परीक्षेला मी अकरा मोठे कागद टांगले. नुसता कोळसा, पोचे पडलेले, वजनानं खाली ओथंबलेले. रंग कुठेच नाही. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई एकेका कागदापुढे थांबत गेल्या. सातव्यापाशी चष्मा काढून वाकल्या.

"हा भाग अर्धवट सोडलाय. मुद्दाम?"

मुद्दाम म्हणायचं ओठावर आलं होतं. तसं म्हटलं असतं तर छान दिसलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "तिथं काय करायचं ते मला अजून येत नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते वाकून बघावंसं फार वाटलं, पण नाही बघितलं.

गुण बेताचेच पडले. जिराफला माझ्यापेक्षा दोन जास्त. आज गावाच्या टोकाला एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं काम करतो. मधे आडोसा नाही. सकाळी मी आधी पोचते, शटर वर करते, आणि सातव्या कागदासारखाच एक नवा कागद भिंतीला लावते. तो भाग अजून जमलेला नाही.